विरोधी बाजू हवी आहे

व्हर्नन हॅस्केलचं खंडन लिहून तयार होतं. अडचण एवढीच होती, की ज्याचं खंडन करायचं ते कुणी लिहिलंच नव्हतं.

अल्मेंद्रो हाइट्सच्या मोकाट मोरांविरुद्ध त्याने उभा उन्हाळा दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या होत्या. मोर दुसऱ्यांसाठी देखणा असेल हो. व्हर्ननच्या छपरावरचा मोर पहाटे गळा आवळल्यासारखा किंचाळायचा, आणि उजाडलं की गाडीच्या काळ्या दारात स्वतःलाच बघून त्याच्यावर तुटून पडायचा. दाराचे पार पोपडे निघाले होते. मोर धरून दूर रानात सोडावेत, हा त्याचा ठराव ‘जे’ आता नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येणार होता.

“तुमची बाजू मतदारांना पाठवायच्या पुस्तिकेत छापू,” नगरपालिकेतल्या ओचोआबाई म्हणाल्या. “पण खंडन कसं छापणार? विरोधात कुणी लिहायला तर हवं ना!”

“अहो, पण खंडन फार झकास जमलंय!”

“जमलं असेल. मी काय करू? पाच वाजता मुदत संपते.”

व्हर्नन धावत घरी आला. डोरीन पीचचा मुरंबा ढवळत होती.

“डोरीन, माझ्या विरोधात चार ओळी लिही बघू.”

“रोज तोंडाने बोलते ते पुरत नाही वाटतं?”

“मोरांच्या बाजूने गं! काहीही लिही. बावळट लिहिलंस तर उत्तमच, माझं खंडन उठून दिसेल.”

“आणि त्या बावळटपणाखाली सही माझी!” ती म्हणाली. पण गॅस बारीक करून तिने पेन घेतलं आणि एका दमात लिहून दिलं. घड्याळाचा काटा पाचाकडे सरकत होता, त्यामुळे व्हर्ननने न वाचताच कागद नेऊन दिला.

ऑक्टोबरात पुस्तिका घरोघर पोचली. ठरावाच्या बाजूने व्हर्ननने आवाज, घाण आणि गाडीचा रंग यांवर पानभर लिहिलं होतं. विरोधात डोरीनने लिहिलं होतं: ‘निवृत्त झाल्यापासून माझा नवरा दहापर्यंत लोळायचा. मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत एकटीच नाश्ता करायचे. मोर आला आणि तो पहाटे उठू लागला. आता आम्ही बरोबर कॉफी पितो. तो मोराला शिव्या घालतो, मी ऐकते. मला सोबत आहे. मोरांना घालवू नका.’

आणि त्याखाली व्हर्ननचं खंडन: ‘वरील मजकूर हास्यास्पद असून लिहिणाऱ्याला वस्तुस्थितीची काडीचीही कल्पना नाही.’

गाव पेटलं. समोरचा बर्ट सोरेनसन रस्ता ओलांडून आला.

“बायकोला हास्यास्पद म्हणतोस? चारचौघांत? छापून?”

“अरे, ते मी आधीच लिहून ठेवलं होतं!”

“म्हणजे ठरवून? शाबास!”

दुसऱ्या दिवशी बर्टच्या हिरवळीवर पाटी उगवली: ‘मोर राहू द्या, कॉफी होऊ द्या’. आठवडाभरात गल्लीभर त्याच पाट्या. एक तर कुणीतरी व्हर्ननच्याच हिरवळीत रोवून गेलं. वाचनालयातल्या जाहीर चर्चेला दोन्ही पक्ष पोपडे निघालेल्या एकाच गाडीतून गेले, आणि बायकांनी डोरीनला मिठ्या मारल्या. व्हर्ननला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण त्याला टोचत होतं ते निराळंच. “डोरीन, ते खुर्चीचं... खरं होतं का गं?”

“तूच म्हणालास ना, काहीही लिही?”

एवढं बोलून ती टोस्टला लोणी लावू लागली. त्या दिवसापासून तो नाश्त्याला तिला चोरून निरखायला लागला. आपल्यासमोर बसल्यावर हिला बरं वाटतं की कंटाळा येतो? इतक्या वर्षांच्या संसारात हे आपण कधी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारून उत्तर मिळत नव्हतं.

टपालाने मतपत्रिका आल्या. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भरायला बसली. व्हर्ननने मान लांब केली.

“परीक्षेत कॉपी करतोस? तिकडे बघ!” डोरीनने पाठ फिरवली. व्हर्नन कितीतरी वेळ ठराव ‘जे’कडे बघत राहिला. मग त्याने एक गोल काळा केला आणि पाकीट चिकटवून टाकलं.

निकालाच्या दिवशी ओचोआबाईंचा फोन डोरीननेच घेतला. ऐकून तिने तो आदळला.

“समसमान! पुन्हा पुन्हा मोजूनही समसमान! आणि समसमान म्हणजे ठराव पडला. एका मतासाठी रे, व्हर्नन! कोण तो मेला गाढव? त्याला आणून या छपराखाली झोपवा, म्हणजे कळेल पहाटे!”

व्हर्ननचा कप हातातच राहिला. “तू... ठरावाच्या बाजूने मत दिलंस?”

“मग काय! भर उन्हात सह्या गोळा करत फिरलेला नवरा कुणाचा? आणि त्या किंकाळ्यांनी माझं डोकं उठत नाही होय?”

“आणि ते नाश्त्याचं?”

डोरीनने फोन नीट जागेवर ठेवला. “ते खरंच होतं,” ती म्हणाली. “पण त्यासाठी मोर कशाला लागतो? गजर लावून उठला असतास तरी चाललं असतं की!”

व्हर्ननला एकदम इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली, की कुठे बघावं तेच कळेना. त्याने कप खाली ठेवला.

“डोरीन,” तो हळूच म्हणाला, “तो गाढव याच छपराखाली झोपतो.”