बर्फाचं पातं

“पाच मिनिटांचं काम होतं. पण त्यानं विचारलंच नाही.”

पेट्रोल पंपाच्या दुकानात मी ब्रेडच्या रॅकमागे उभी होते. बोलत होता डोनल, आमचा शेजारी. काउंटरवरच्या बाईला सांगत होता. ‘त्यानं’ म्हणजे आमच्या काकांनी, हे मला लगेच कळलं, कारण त्याआधी दोघं काकांच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरवरून हसत होते.

“तो मोठा बर्फ पडला होता ना त्या वर्षी, सकाळपासून एकटाच फावड्यानं रस्ता उकरत होता,” डोनल म्हणाला. “मी खिडकीत चहा घेत बघत होतो. माझा ट्रॅक्टर अंगणातच होता. पण डॉक्टर माणूस. न बोलावता आपण कसं जायचं?”

“आणि आता स्वतःचंच यंत्र बनवतोय,” बाई म्हणाली. “ग्रँड.”

मी ब्रेड न घेताच मागच्या दारानं बाहेर पडले. राग आला म्हणून नाही. समोर जाऊन हॅलो म्हणावं लागलं असतं म्हणून.

काका म्हणजे डॉक्टर वसंत देवगडे. मूळचे नागपूरचे, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. ड्रोहेडाच्या बाहेर एका अरुंद, चढाच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं घर आहे आणि वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्यानं घेतली आहे. डब्लिनमध्ये जागा मिळाली नाही म्हणून मी इथे आले. रोज ट्रेननं ऑफिसला जाते. काकांनी पहिल्या दिवशी मला तीन गोष्टी दाखवल्या: गरम पाण्याचं बटण, मसाल्यांचं कपाट (त्याला ते इथल्यासारखं ‘प्रेस’ म्हणतात) आणि शेडमधला ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे. बागेत बसून गवत कापायचा, गुडघ्याएवढ्या चाकांचा. घराबरोबरच मिळालेला. एकेकाळी लाल असावा, आता बडीशेपेच्या गोळीसारखा गुलाबी आहे. या ट्रॅक्टरला पुढे बर्फ ढकलायचं लोखंडी पातं बसवायचं, हा काकांचा एकमेव उद्योग. आमच्या भागात धड बर्फ पडायला कित्येक वर्षं जातात. पाऊस मात्र रोज पडतो. त्यासाठी काकांकडे साधी छत्रीही नव्हती.

पातं त्यांनी कॅव्हनच्या एका म्हाताऱ्याकडून जुनं आणलं होतं. ते दुसऱ्याच कंपनीच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेलं. पोटाखालचं गवत कापायचं यंत्र काढून तिथे पात्याची चौकट अडकवायची, तर भोकं दीड बोट इकडेतिकडे. दुसऱ्या कुणी ते परत केलं असतं. काकांना आनंद झाला.

“पेशंट कधी पुस्तकासारखा येतो का?” ते म्हणाले. “काहून तोंड पाडतेस? बॅटरी धर.”

ते ट्रॅक्टरला पेशंटच म्हणत. शेडच्या भिंतीवर त्यांनी ऑपरेशनआधी असते तशी तपासणीची यादी लावली होती, स्वतःच्या अक्षरात, मराठीत. शनिवारी सकाळी ती मोठ्यानं वाचायचं काम माझं. मी इंग्लिश मीडियमची. त्यांचं डॉक्टरी अक्षर मी लंगडत वाचायचे.

“पट्टा ढिला केला?”

“केला.”

“दोन्ही पिना?”

“एक आहे. दुसरी तुझ्या पायाखाली.”

आणि काहीही वेळ लागणारं असलं, बोल्ट गंजलेला असो, चहा उकळायचा असो, माझी ट्रेन रद्द झालेली असो, त्यांचं ठरलेलं वाक्य: “दहापासून उलटं मोज.” तीस वर्षं लोकांना झोपवताना हेच सांगितलं होतं. सहाच्या खाली कुणी पोचत नाही, असं ते अभिमानानं म्हणत. मी शून्यापर्यंत पोचायचे आणि चिडायचे.

पुढे पातं लावलं की ट्रॅक्टर नाक खुपसतो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून मागे वजन हवं. लोक वाळूची पोती ठेवतात. काकांनी इंडियन स्टोअरमधून कोलम तांदळाच्या वीस किलोच्या दोन गोण्या आणल्या. “वाळू नुसती पडून राहते. हे हिवाळ्यानंतर खाता तरी येईल.” दोन गोण्या मागच्या बाजूला बांधून त्यांनी ट्रॅक्टर अंगणात उभा केला, आणि रात्रभर पाऊस झाला. तांदूळ फुगला, शिवण उसवली, सकाळी अख्ख्या गावाचे कावळे आमच्या अंगणात जेवायला हजर. मी त्यांना हाकलायला झाडू घेऊन निघाले तर काका म्हणाले, “राहू दे ना बाप्पा. खाऊ दे.” आणि खिडकीशी खुर्ची ओढून ते सगळे जेवून होईपर्यंत बघत बसले. मला ते विचित्र वाटलं. फोटो काढून मी पुण्याच्या मैत्रिणींना पाठवला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आली.

कोजागिरीला आमची मराठी मंडळी जमली तेव्हा त्यांनी पात्याची पूर्ण गोष्ट ऐकून घेतली. कान देऊन ऐकत होते, कारण पुढे वर्षभर सांगायची होती. “डॉक्टर, आता नागपूरच्या घरी एक होडी पाठवून द्या,” कुणीतरी म्हणालं. “गळ टाकायला सोबत आम्ही येऊ.” सगळे हसले. काकाही हसले. मीही हसले, जरा मोठ्यानंच, कारण त्या घोळक्यात मला करता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. घरी येताना काकांनी गाडीत रेडिओ लावला नाही.

“डोनलकाकांना का नाही विचारत?” मी एकदा म्हणाले होते. डोनलकडे वेल्डिंगचं मशीन होतं, भोकं त्यानं तासाभरात जुळवून दिली असती. काका एकदम परके झाले. “आपलं आपण करावं. लोकांना कशाला त्रास?” वीस वर्षांच्या शेजारात या दोघांनी एकमेकांना गाडीच्या स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाखवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. इथे तो नमस्कार समजतात. काकांना ती पद्धत फार आवडायची. मलाही. त्यात बोलावं लागत नाही.

डिसेंबरात पातं बसलं. नवी भोकं पाडून, चार पट्ट्या आडव्या लावून, मागे यावेळी वाळू. हातातला दांडा ओढला की पातं उचललं जाई, सोडला की धाडकन खाली. काकांनी ते वीस वेळा उचललं आणि टाकलं. मग रोज हवामान बघायचं. पाऊस. पाऊस. वारा आणि पाऊस.

जानेवारीच्या एका रविवारी बर्फ पडला. बोटाच्या पेराएवढा. दुपारपर्यंत आपोआप गेला असता. काका सात वाजता मफलर गुंडाळून शेडमध्ये. मी यादी वाचली, त्यांनी उत्तरं दिली, इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. ते दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. पात्यानं बर्फ कमी आणि खडी जास्त ढकलली. डोनल फाटकात उभा राहून बघत होता. त्यानं एक बोट उचललं. काकांनीही उचललं.

परत आल्यावर ते उतरले नाहीत. इंजिन बंद करून तसेच बसले.

“किती मिनिटं?” त्यांनी विचारलं.

मी फोन बघितला. “अकरा.”

“अकरा,” ते म्हणाले. “त्या दिवशी मला सहा तास लागले.”

मग स्टिअरिंगकडे बघत त्यांनी सांगितलं. शैलाकाकू, त्यांची बायको, हॉस्पिटलमध्ये होत्या. शेवटचेच दिवस होते, हे भूलतज्ज्ञाला कुणी सांगावं लागत नाही. काकूंनी मेतकूट भात मागितला म्हणून ते रात्री घरी आले आणि सकाळी दार उघडेना. मोठा रस्ता दहा वाजता मोकळा झाला होता. अडलं होतं ते घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचं एवढंच.

“फोनवर म्हणालो, निघालोच, तोवर दहापासून उलटं मोज. तर म्हणाली, मी शंभरापासून मोजते.” काका हसले. “रस्ता किती लांब आहे ते तिला माहीत होतं.”

मी पोचलो तेव्हा डबा तेवढा गरम होता, एवढंच ते पुढे म्हणाले. तीस वर्षं अनोळखी माणसांच्या उशाशी बसलेला माणूस. मला अंगणातले कावळे आठवले. मैत्रिणींना पाठवलेला फोटो आठवला.

रस्त्याच्या खालच्या टोकाला डोनलचं फाटक वाजलं. तो आत गेला. त्याचा मोठा ट्रॅक्टर अंगणात, त्या दिवशीही तिथेच असेल तसा.

“एक विचारू?” काका म्हणाले. “तुझं त्याच्याशी दुकानात वगैरे बोलणं होतं. माझं तर कधी झालं नाही. त्या दिवशी मला फावडं मारताना सारखं वाटत होतं, जाऊन दार वाजवावं. मग वाटलं, तो घरीच नसणार. घरी असता तर दिसलोच असतो की मी त्याला. आला असता.” त्यांनी दांडा उचलला आणि हळूच खाली ठेवला, पातं वाजू नये असा. “घरी नसेलच ना तो?”

माझं त्याच्याशी कधीच बोलणं झालं नव्हतं. मी फक्त ब्रेडच्या रॅकमागे उभी होते. काका माझ्याकडे बघत होते आणि दुसरं कुणी नव्हतं. मी मनात दहापासून उलटं मोजायला लागले. सहापर्यंतच पोचले.

“नव्हते, काका,” मी म्हणाले. “मी विचारलं होतं त्यांना. त्या दिवशी ते गावातच नव्हते.”