चौगुलेकाकांचा गळ

चौगुलेकाका बटाटा खात नाहीत. जर्मनीत राहून बटाटा न खाणं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखट न खाणं. कांदा नाही, लसूण नाही, गाजरसुद्धा नाही. जमिनीखालचं काही उपटलं की सोबत किती जीव जातात, हे ते नेमके आपण पहिला घास घेताना सांगतात. सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात ऑफिसमधले लोक चारची कॉफी घेत असताना काका रात्रीचं जेवण उरकत असतात.

लुडविग्सहाफेनला मी नोकरीला आलो तेव्हा ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत होते. शिरोळकडचे, केमिकल इंजिनिअर, एकटेच. काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या, एवढंच मला माहीत होतं. त्यांचं नाव काकांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी हे गृहस्थ जिन्यात भेटले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर मासे धरायची काठी.

"काका, हे काय?"

"आंगेल्न. गळ टाकाय. बार्श धरायला निघालोय."

मी वेंगुर्ल्याचा. बार्श म्हणजे अंगावर पट्टे आणि लाल पर असलेला, गोड्या पाण्यातला झकास मासा, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण काकांच्या तोंडी ते नाव म्हणजे महाराजांनी प्रवचनात कोंबडीची पाककृती सांगावी तसं.

"पण तुम्ही... जैन..."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काका म्हणाले आणि उतरून गेले.

पुढे आणखी धक्के बसले. इथे गळ टाकायला परीक्षा द्यावी लागते. ती काका पास झाले होते. पकडलेला मासा वेदना न होता कसा मारावा, याचंही उत्तर त्यांनी बरोबर दिलं होतं. "उत्तर द्यायला काय जातंय ओ परब? मासा कुठं बघाय आलाय?" शिवाय नियम असा, की खाण्याजोगा मासा धरला तर तो मारायचाच. उगाच खेळ म्हणून सोडायचा नाही. मी विचारलं, "मग धरलेल्या माशांचं करता काय?" त्यावर त्यांनी मला शेंगदाण्याची चटणी दिली आणि दार लावून घेतलं.

शेवटी मी एका शनिवारी त्यांच्याबरोबरच गेलो. नदीच्या जुन्या, संथ फाट्यावर काका स्टूल टाकून बसले आणि त्यांनी रबराचा मासा पाण्यात फेकला. तासभर काही नाही. मग अचानक काठी वाकली.

"अगं आई गं!" काका ओरडले. "परब, ह्यानं धरलंय की ओ!"

"ओढा ना मग!"

"ओढू कशाला? सोड रे बाबा, सोड!"

मी धावलो आणि दोरी गुंडाळत आणली. काठाशी हातभर लांब बार्श, पाठीवरचे काटे फुलवून, रबर तोंडात घट्ट धरून फडफडत होता. माझ्या डोळ्यांसमोर तिरफळं घातलेलं कालवण आलं. काकांनी डोळे मिटून णमोकार सुरू केला. आणि तेवढ्यात मागून "गुटन टाग!" आलं.

नदीवर देखरेख करणारे एक वृद्ध गृहस्थ, हेर क्रूगर. त्यांनी काकांचा परवाना बघितला, मग मासा बघितला आणि समाधानानं मान डोलावली. "छान आहे. आता मारा."

काका पांढरेफटक पडले. इतक्यात माशानं तोंड उघडलं, रबर थुंकलं आणि शेपटीचा फटका मारून तो गेला. क्रूगरांनी रबर उचललं, उलटसुलट केलं. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

"गळ कुठे आहे?"

"नाही," काका म्हणाले. "कापून टाकला."

"मग मासे कसे पकडता?"

"पकडत नाही."

"आल्झो... मग करता काय?"

"आंगेल्न."

मासे न पकडणाऱ्याला कुठला नियम लावायचा, हे क्रूगरांना आठवेना. त्यांनी परवाना परत दिला, टोपीला हात लावला आणि मागे वळून बघत बघत निघून गेले.

मी हसून हसून खाली बसलो. काका हसले नाहीत.

"ही गेल्यावर घरात बसवायचं नाही बघा," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "आम्ही इथं फिराय यायचो, म्हणून मी इथं येऊन नुसता बसायचो. एकदा एका बाईनं पोलिसांना फोन केला. म्हातारा पाण्याकडं बघत बसलाय, उडी मारंल. पुन्हा बसलो, पुन्हा पोलीस. मग ध्यानात आलं, हातात काठी असली की कुणी काही विचारत न्हाई. दिवसभर बसा."



"पोलिसांना सांगायचं होतंत, काकू गेल्या म्हणून," मी म्हणालो.

"भली माणसं होती ओ. खाली बसून, खांद्यावर हात ठेवून विचारलं त्यांनी. पण जर्मनमधे विचारलं. त्या भाषेत मला प्लांट चालवाय येतो, रडाय येत न्हाई."

काकांनी दोरी पुन्हा पाण्यात टाकली. मी त्यांच्या स्टुलाजवळ ओल्या गवतावर सरकून बसलो.

"काका," मी विचारलं, "काकूंचं नाव काय होतं?"

त्यांनी दोरी हळूहळू गुंडाळून घेतली. मग म्हणाले, "पद्मा," आणि काठी खाली ठेवली.