कांदळवनाचं गाऱ्हाणं

यंदा देवळातल्या सभेला खाडीतलं कांदळवन आलं. किनारा सांभाळायला कोवळी झाडं मागे ठेवून मोठी तेवढी आली आणि मुळांचा चिखल लागू नये म्हणून पायरीच्या खालीच उभी राहिली.

आमच्या गावात ज्याला काही मागायचं असेल, त्याच्या वतीने गावकर देवाला गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक वाक्यावर सभा ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. एकदा होकार पडला की तो मागे घेत नाहीत.

मला आनंद झाला. परदेशात किनाऱ्यांचा अभ्यास करून मी नुकतीच गावी परतले होते आणि दारोदार एकच सांगत होते: समुद्र वर येतोय, कांदळवनाला मागे सरकायला जागा द्या, ते राहिलं तर आपण राहू. लोक ऐकून घेत आणि चहा पाजत.

“मागणां काय?” सगुण गावकरांनी विचारलं.

त्यातलं सगळ्यात जुनं झाड, एक चिपी, वाकून त्यांच्या कानात बोलू लागलं. सगुणकाकांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्यां कांदळवन आज तुझ्या पायाशी इलां असा.”

“व्हय म्हाराजा.”

“वादळात ह्येनी गावाक पाठीशी घातलां. खेकडे, कालवां, मासळी पोटात सांभाळली.”

“व्हय म्हाराजा.”

“आता पाणी ह्येच्या नाकाक लागलां. तेका बांधाच्या आत, जयराम चोपडेकराच्या मळ्यात, पाय ठेवूक जागा गावू दे.”

“व्हय म्हाराजा.”

सगळ्यात खणखणीत आवाज जयराम चोपडेकरांचा होता. ते माझे बाबा.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“जयराम, मळो तुझो,” सगुणकाका म्हणाले.

“म्हायत असा.”

“मगे?”

“तोंडाक सवय.”

“चेडवान शिकान येवन बापाशीक देशोधडीक लावल्यान,” मागून कुणीतरी माझ्याकडे बघत म्हणालं.

मी पुढे झाले. “दुसरी जागा बघूया. त्या मळ्यावर आमचं वर्षाचं भात पिकतं.”

“तूच सांगी होतंस मा?” चिपीने शांतपणे विचारलं. “आम्ही आयकलां. बांधाआड सखल जमीन तेवढीच.”

ते खरं होतं. माझ्या नकाशात मीच तो मळा कांदळवनाचा म्हणून हिरवा रंगवला होता.

“भाताचां काय?” बाबांनी विचारलं.

“भात आमका जमाचा नाय. खेकडे देऊ.”

“आणि पाणी आणखी वर इलां तर?”

“आम्ही आणखी वर सरकू.”

“थंय माझां घर असा.”

“तवसर तुमी पण सरका.”

बाबांनी जरा विचार केला आणि होकारार्थी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीचं पाणी अडवणारा बांध फोडला. झाडं रांगेने आत आली. कोवळी मधे, मोठी कडेला. मग बाबांनी आंघोळ केली, नारळ घेतला आणि मला घेऊन गावामागच्या सड्यावर, उंच पठारावर, चढले. वरती कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. बाबांनी नारळ ठेवून हात जोडले.

“बा सड्या म्हाराजा, ह्यां चोपडेकरांचां घर आज तुझ्या पायाशी इलां असा.”

होकार द्यायला मी एकटीच होते. मी तो दिला, पण एकट्या आवाजाला गाव म्हणत नाहीत. कातळ ऐकत राहिला.

तेवढ्यात खालून, मळ्यात अजून नीट रुजलीही नव्हती ती झाडं, एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

बाबांनी घसा साफ केला आणि पुढचं वाक्य सुरू केलं.