चौथी शिला

फिदेन्सिओ त्सुकने आंबट संत्र्याचा रस चोळून आपण कोरलेल्या तीन शिला अंगणात पुरल्या होत्या. सहा महिन्यांनी उकरल्या तेव्हा चार निघाल्या. गिऱ्हाइकांना प्राचीन माया संस्कृतीतले राजे हवे असतात, पण परवा घडवलेले नको असतात. म्हणून युकातानच्या त्या गावातले पाथरवट आपले राजे असे मातीत मुरवत. राजांची पैदास मात्र आजवर कुणाच्याच अंगणात झाली नव्हती.

दुर्दैवाने पुरातत्त्व खात्याचे डॉक्टर आरेदोंदो कुणाच्या तरी तक्रारीवरून त्याच वेळी हजर होते.

“ह्या तीन नकला. ठोकळेबाज,” ते म्हणाले. “ही चौथी अस्सल. आठवं शतक.”

“चारही माझ्याच, साहेब.”

“ही रेघ बघा, कशी जिवंत आहे! तुमच्या हातून होईल?”

हो म्हणावे की रागवावे, फिदेन्सिओला कळेना. “झालं असेल एखाद्या दिवशी.”

“मग डोळे मिटा आणि सांगा, हिच्यावर काय कोरलंय?”

त्याने डोळे मिटले. तिन्ही राजे दिसले. चौथा काही दिसेना. “राजा आहे. उभा.”

“राणी आहे,” डॉक्टर थंडपणे म्हणाले.

अस्सल म्हणजे अंगणाला खात्याचे टाळे. आणि उद्या मृतांचा दिवस. ह्याच अंगणात खड्डा खणून, कोंबडी भरलेली मक्याची जाड भाकर निखाऱ्यांवर पुरून भाजायची होती. गेल्या वर्षी वारलेली त्याची आई पहिल्यांदाच जेवायला येणार होती. खात्याच्या नियमांत बाराशे वर्षांपूर्वी मेलेल्यांची उत्तम सोय आहे. गेल्या वर्षी मेलेल्यांची नाही.

“खड्डा तरी खणू द्या, साहेब. आई यायचीय.”

“कुठून?”

“वरून.”

“मग त्यांनाही लेखी परवानगी लागेल.”

एवढ्यात त्याची बायको नेल्मी पिठाचे हात पुसत बाहेर आली. “ती माझी आहे.”

“काय तुझी?” फिदेन्सिओने विचारले.

“शिला. दुपारी तुम्ही घोरता ना, तेव्हा कोरली. तुमच्या तिघांशेजारी पुरून टाकली.”

डॉक्टर हसले. “पुरावा, बाई?”

“राणीच्या पायाखाली कैदी आहे, त्याच्याकडे बघा. आता ह्यांच्याकडे बघा.”

डॉक्टरांनी बघितले. दोराने बांधलेला, गुडघे टेकलेला, नाक डावीकडे कललेले, खालचा ओठ लोंबता. मग त्यांनी फिदेन्सिओकडे बघितले, पुन्हा कैद्याकडे बघितले, आणि नोंदवहीतले आठवे शतक मुकाट्याने खोडले.

कुंपणापलीकडे शेजारी फिदीफिदी हसू लागले. फिदेन्सिओने डॉक्टरांची बाही घट्ट धरली.

“हिचं ऐकू नका, साहेब. अस्सल आहे ही. आठवं शतकच! लावा टाळं. आईला मी समजावतो.”