गोठवलेला कॉम्प्युटर आणि सासऱ्यांचा घोडा

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! लेकीने कुठलासा फुकटचा गेम उतरवून घरचा कॉम्प्युटर पुन्हा एकदा व्हायरसने आजारी पाडला, तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. व्हायरस साफ केला आणि गुपचूप एक सॉफ्टवेअर टाकलं. आख्खा कॉम्प्युटर गोठवणारं! दिवसभर कुणी काहीही धुडगूस घाला. बंद करून चालू केला की पुन्हा जसाच्या तसा. 'कामाच्या फायलींसाठी एक कप्पा मोकळा ठेवायचा का?' असं त्याने अदबीने विचारलंही. मी 'नको' दाबलं. स्क्रीनवर स्वतःचा हसरा फोटो लावला, सगळं गोठवलं, आणि घरात कुणाला सांगायच्या भानगडीत पडलो नाही. त्यांना काय कळणार त्यातलं!

त्यानंतर थोड्याच दिवसांत सासरे राहायला आले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. आता ब्रश धरला की हात थरथरतो, म्हणून नातीने त्यांना माउसने चित्र काढायला शिकवलं. आजोबांनी लगेच तिच्यासाठी घोडा काढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "जावईबापू, माझा घोडा कुठे गेला?"

"सेव्ह केला नसेल, बाबा!" मी दाढी करता करता म्हणालो.

"केला होता हो."

"मग विसरला असाल!"

मग हे रोजचंच झालं. दिवसभर घोडा, सकाळी गायब, आणि माझं ठरलेलं उत्तर. वर मी मोठ्या मायेने "वय झालं की होतं असं" अशी पुस्तीही जोडायचो.

एके दिवशी नातीला शाळेत सोडायला म्हणून बाबा चपला घालून दारात उभे राहिले, आणि त्यांनी चपला परत काढल्या. "तूच सोड गं तिला," ते माझ्या बायकोला म्हणाले. "माझं डोकं चालेनासं झालंय. रस्त्यात पोरीचा हात सोडून कुठे निघून गेलो तर?"

हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लेकीला शाळेत सोडून आम्ही तिघं तडक डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. बाबांनी सगळं घडाघडा सांगितलं. वर बाहेरची पाटी उजवीकडे कलली आहे, हेही सांगून टाकलं.

"मग बिघडलंय काय?" डॉक्टर गोंधळले.

बाबांनी चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. "घोड्याचं एक वेळ सोडा हो, सेव्ह करायचा राहिला असेल. पण स्क्रीनवर ह्यांचा भलामोठा फोटो आहे. हे असे समोर हसत बसले की मला काही सुचत नाही! म्हणून मी तो रोज काढून तिथे फुलांचा लावतो. स्वतःच्या हाताने! आणि रोज सकाळी बघावं तर हे पुन्हा हजर! दात काढून! आता मला वेड लागलं नाही तर काय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पाठोपाठ दरदरून घाम फुटला.

"बाबा, तुम्ही ठणठणीत आहात," मी पुटपुटलो, आणि गोठवण्याचा सगळा प्रताप सांगून टाकला.

"डॉक्टर," बायको थंडपणे म्हणाली, "आलोच आहोत, तर ह्यांचंही डोकं बघून घ्या!"

बाबा मात्र रागावले नाहीत. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे ना?" एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर नातीचा हात धरून तेच तिला घरी घेऊन आले. मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली!

मी ते सॉफ्टवेअर मुळासकट उपटलं. बाबांनी घोडा पुन्हा काढला. रोजच्या सरावाने असा झोकदार उतरला, की आता खिंकाळेल असं वाटावं! दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावला, तर माझा फोटो गेलेला आणि त्या जागी घोडा. पाठीवर आमची लेक, पुढे लगाम धरून बायको. आणि मागे, शेपटीच्या बरोबर खाली, बादली अन् झाडू घेऊन एक गृहस्थ. दात काढून हसणारे!

कितीदा बंद करून चालू केला. जात नाही हो!