नमुन्यादाखल राजीनामा

वाचन एका तासाला आणि लेखन दुसऱ्या तासाला शिकवतात ना, तिथंच मुलांचं इंग्रजी बिघडतं! जे वाचलं त्यावरच लगेच लिहायला लावा, भाषा आलीच म्हणून समजा! रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी हे इतक्या जोरात सांगितलं, की दोघं जण अर्धा चहा टाकून उठून गेले.

दुसऱ्याच दिवशी प्रयोग! पहिल्या वर्षाच्या वर्गाला वाचायला दिलं राजीनाम्याचं पत्र. मुलांना जवळचं वाटावं म्हणून खाली नाव माझंच, आरोही शिर्के. वर झोकात सही!

आणि काय सांगू! एरवी इंग्रजी उतारा दिसला की वाळत घातलेल्या बांगडा मासळीसारखी पडणारी मुलं ताठ बसली. नाटे गावची सईदा तर डोळे पुसायला लागली. म्हटलं, वा, समजलं!

समजलं होतंच. फक्त 'हा नमुना आहे' एवढं सांगायचं मी विसरले होते!

"आता यावर प्राचार्यांना पत्र लिहा."

"खरंच देऊ, मॅडम?" हर्षदने विचारलं.

"अरे, द्यायचंच! लिहिलेलं कुणी वाचायला नको?"

मला म्हणायचं होतं, माझ्याकडे द्या.

दुपारी प्राचार्यांचं बोलावणं आलं. टेबलावर अडतीस पत्रं आणि वर माझा राजीनामा! माझी नोकरी अजून कंत्राटी. सरांनी मंजूर केला तर?

"सगळ्या वर्गाला सांगितलंत, मला नाही?" म्हणत सरांनी हर्षदचं पत्र वाचलं, "मॅडम इज व्हेरी डेंजर. बट वी आर हॅबिट."

मी अडखळत सगळा घोटाळा सांगितला. सरांनी सईदाचं पत्र तेवढं पुढे सरकवलं. 'माय फादर इन शिप. मॅडम टीच, सो आय राइट हिम. ही रीड थ्री टाइम.'

पुढचं मला दिसेना.

"चुका किती आहेत हो!" सर म्हणाले. "तुम्हाला सोडणं आम्हाला परवडायचं नाही."

दाराबाहेर अख्खा वर्ग उभा!

"मॅडम, जाऊ नका हां!" हर्षद म्हणाला. "आम्ही स्पेलिंगं पाठ करू!"

या पोरांचे आभार तरी चांगल्या इंग्रजीत मानावेत म्हणून मी तोंड उघडलं. घाईत बाहेर पडलं, "यू आर वेलकम!"

सईदा हळूच म्हणाली, "मॅडम, आधी थँक्यू म्हणतात."