मिरची कुणाच्या खांद्यावर झोपते

पाळणाघरात काम करणारा एकुलता एक पुरुष असणं ही काय चैन आहे, हे तुम्हाला सांगून पटायचं नाही. मी ती चैन पुष्कळ वर्षं भोगली आहे. लोकांना वाटतं, बिचारा बायकांच्या घोळक्यात अडकलाय, दिवसभर शी-शू काढतोय. अहो, बिचारा कसला? राजा होतो मी तिथला!

आता बघा. आमच्या तान्ह्यांच्या खोलीत मावशी दिवसभरात ढीगभर डायपर बदलतात. मावशी म्हणजे पाळणाघर उघडलं त्या दिवसापासूनच्या, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. पण त्यांना कुणी कधी 'वा' म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि मी एक डायपर बदलला, तोही जरा वाकडाच, की दारातल्या आया हातातली पिशवी खाली ठेवून बघत राहायच्या.

"काका, किती करता हो तुम्ही!" एक म्हणायची.

"नाहीतर आमच्याकडे. पट्टी पुढे लागते की मागे, हेसुद्धा यांना ठाऊक नाही," दुसरी म्हणायची.

मी मान खाली घालून नुसता हसायचो. मान खाली घातली की कौतुक आणखी वाढतं. मावशी तेवढ्यात माझा वाकडा डायपर सरळ करून निघून गेलेल्या असायच्या.

आणि माझ्या शिरपेचातला तुरा म्हणजे मिरची. हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव तिच्या आईशिवाय कुणी घेत नसे. वर्ष-सव्वा वर्षाची पोर, पण दुपारी झोपेला आली की रडून रडून सगळं पाळणाघर डोक्यावर घ्यायची. खुळखुळा दाखवा, ती तो आपल्यालाच फेकून मारणार. शेवटी मावशी तिला घेऊन येरझाऱ्या घालत घालत माझ्यापर्यंत यायच्या, माझ्या खांद्यावर टाकायच्या, मी चार थोपट्या मारायचो आणि पोरगी गपगार! "काकांच्या खांद्यात काहीतरी आहे," असं तिची आई जाहीरपणे म्हणायची. मी हे घरी जाऊन बायकोला रोज सांगायचो. बायको म्हणायची, "हो, कालही सांगितलंत."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे पाळणाघर ज्यांचं आहे त्यांनी, एक दुसरा पुरुष कामाला घेतला.

मला न विचारता. म्हणजे विचारायची पद्धत नव्हतीच, पण तरी. एके सकाळी हा उंच, शेलाटा इसम दारात उभा. अंगात मऊ सुती चौकड्यांचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागे. मोठ्या बाई म्हणाल्या, "हे आपले नवे काका." म्हणजे मी कोण झालो? जुना! त्याच दुपारी एक आई मला 'जुने काका' म्हणाली आणि मला अचानक गुडघे दुखल्यासारखं वाटलं.

खोटं कशाला बोलू, मला त्याचा पहिल्या दिवसापासून हेवा वाटला. साधासुधा नव्हे, जेवण न जाण्याइतका. तो बाटल्या उकळायचा तर झाकणं आकारानुसार लावून ठेवायचा. तो डायपर बदलायचा तर पट्ट्या दोन्हीकडे सारख्या. आया दारात थांबायच्या, पिशव्या खाली ठेवायच्या, सगळं पूर्वीसारखंच, फक्त बघायच्या त्याच्याकडे. आणि हा गृहस्थ मान खाली घालून हसायचा! माझी पद्धत, माझ्याच डोळ्यांदेखत!

हेही मी गिळलं असतं. पण एका दुपारी मी हात धुऊन खोलीत आलो, तर मिरची त्याच्या खांद्यावर. डोळे मिटलेले, तोंड उघडं, नाक त्याच्या शर्टात रुतलेलं.

"कधी झोपली?" मी विचारलं.

"आत्ताच. दोन थोपट्यांत," तो हळूच म्हणाला.

दोन! मला चार लागायच्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही मावशी तिला घेऊन माझ्यासमोरून सरळ त्याच्याकडे गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री मी बायकोला म्हणालो, "पोरीला काहीतरी लावलंय त्याने." बायको म्हणाली, "लळा लावला असेल." मी पाठ फिरवून झोपलो, म्हणजे झोपलो नाहीच.

आणि पडल्या पडल्या मला उमगलं. शर्ट! पोरीचं नाक नेहमी त्या चौकड्यांच्या शर्टातच रुतलेलं असतं. त्या कापडातच काहीतरी जादू असणार. आता आमच्याकडे प्रत्येकाचा एक जादा कपडा खुंटीवर टांगलेला असतो, कारण तान्ही मुलं अंगावर कधी दूध ओकतील याचा नेम नसतो. नव्याचाही तसलाच दुसरा शर्ट माझ्या शेजारच्या खुंटीवर होता. उद्या तो शर्ट घालायचा, मिरचीला झोपवून दाखवायचं, संपला विषय.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा बाटल्या उकळायला स्वयंपाकघरात गेला. मावशी आणि बाकीच्या जणी बाहेरच्या खोलीत मोठ्या मुलांना जेवू घालत होत्या. मी माझा शर्ट काढला आणि त्याचा चढवला.

इथे एक अडचण होती. तो अंगाने बांबू आणि मी अंगाने हंडा. पण मी श्वास आत ओढला, पोट पाठीला लावलं आणि एकेक करून बटणं लावली. आरशात पाहिलं. रुबाबदार दिसत होतो, फक्त चेहरा जांभळा होता. मिरची गादीवर बसून मुठी चोखत होती. मी तिला उचलून खांद्यावर घेतलं. तिने शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शर्टाकडे पाहिलं. मी थोपटायला लागलो. एक, दोन, तीन, आणि शेजारच्या फळीवरचा पावडरचा डबा तिने लाथेने उडवला.

पांढरा ढग उठला. मला शिंक आली. अडवायला हात मोकळा नव्हता आणि श्वास तर आधीच कोंडलेला. तरी मी जेमतेम तिला गादीवर टेकवलं, आणि शिंकलो.

टप, टप, टप, टप! समोरची चार बटणं खोलीभर उडाली.

पाळणाघरात एक नियम असतो. तान्ह्यांच्या खोलीत बारीक वस्तू पडली, की क्षणभरही न थांबता ओरडायचं. का, कशी, कुणाची, सगळं मागाहून. तो नियम माझ्या हाडांत मुरलेला आहे. "बटण!" मी घसा ताणून ओरडलो, आणि ओरडून झाल्यावर मला आठवलं की माझ्या अंगात दुसऱ्याचा शर्ट आहे. मी तो ओरबाडून काढला, खुंटीवर फेकला आणि बनियनवर उभा राहिलो.

सगळ्या जणी धावत आल्या. कुणी काही विचारलं नाही. प्रत्येकीने दोन्ही काखांत एकेक मूल उचललं, तोंडात बोट घालून पाहिलं आणि बाहेरच्या खोलीत नेलं. मिरचीला मावशींनी उचललं. मग गाद्या उलटल्या, चादरी झटकल्या, सगळे जण गुडघ्यांवर. तीन बटणं सापडली. मोठ्या बाईंनी खुंटीवरचा शर्ट हातात घेतला, लोंबणारे दोरे मोजले आणि म्हणाल्या, "चार हवीत."

नवा ओल्या हाताने दारात आला. "हा तर माझा शर्ट," तो म्हणाला. "पण मी घातलाच नव्हता. खुंटीवर होता."

"मग बटणं काय खुंटीवरून आपोआप उडाली?" मोठ्या बाईंनी विचारलं. "आणि जुने काका, तुम्ही असे बनियनवर का?"

"अंगावर दूध ओकलं कुणीतरी," मी म्हणालो आणि छताकडे पाहिलं.

खरंतर बोलायची वेळ तीच होती. पण नव्याचा पडलेला चेहरा पाहून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस पोटात दुखत होतं ते एकदम थांबलं.

"माझ्या शर्टाचं आहे, जबाबदारी माझी," तो म्हणाला. "कुणी गिळलं असेल तर डायपरमध्ये येईलच. सगळ्यांचे डायपर मी तपासतो." त्याने आणि मी दोघांनी मिळून भांडारातून हातमोजे आणि बादली शोधून आणली. म्हणजे शोधली त्याने, मी नुसता बरोबर होतो, मजा बघायला. परत आलो तर मोठ्या बाई आणि मावशी दारापाशी काहीतरी कुजबुजत होत्या. मला वाटलं, त्याला काढून टाकायचं ठरतंय.

संध्याकाळी आया यायला लागल्या. मावशी प्रत्येकीला फाटकातच गाठून काहीतरी सांगत होत्या. मी कान टवकारून थांबलो. आता आरडाओरडा होणार, आता नव्याची शोभा होणार. मिरचीची आई आत आली, हातमोजे घालून बादलीपाशी बसलेल्या नव्याकडे बघत राहिली, आणि तिने पिशवी खाली ठेवली.

"किती मन लावून करतायत हो!" ती म्हणाली.

"एकेक घडी उलगडून बघतायत," दुसरी म्हणाली. "आमच्याकडे असं झालं असतं तर यांनी बादली ठेवून मलाच हाक मारली असती."

"असा माणूस मिळायला भाग्य लागतं," तिसरी म्हणाली. आणि नव्याने मान खाली घातली!

मला ते सहन झालं नाही. बघा, त्या डायपरांवर हक्क कुणाचा होता? बटणं उडवली मी. पोट माझं, शिंक माझी, आणि कौतुक त्याचं? हा कुठला न्याय?

"थांबा!" मी पुढे झालो. "बटणं मी उडवली आहेत. तपासणार मी."

मोठ्या बाईंनी हाताची घडी घातली. "तुम्ही? त्यांच्या शर्टाची?"

"मी घातला होता."

"का?"

सगळ्या आया बघत होत्या. "मिरची माझ्याकडे झोपेनाशी झाली," मी म्हणालो. "मला वाटलं, शर्टामुळे असेल."

एका आईला ठसका लागला. पण आता माघार कसली? मी बादली ओढली.

"राहू द्या, माझा शर्ट आहे," नवा म्हणाला आणि बादली आपल्याकडे ओढली.

"पोट माझं होतं!"

"अहो, पण सुरुवात मी केलीय. निम्मे झालेत माझे."

"मग उरलेले माझे!"

"उरलेल्यांतच तर मिळायची शक्यता जास्त आहे," तो म्हणाला. हळू बोलणारा हा माणूस, पण बादलीची कडी काही सोडेना. शेवटी मोठ्या बाईंनी निम्मे निम्मे वाटून दिले, आणि आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून, एकमेकांच्या आधी मिळावं म्हणून घाईघाईने, सगळं तपासलं. काय काय पाहिलं ते विचारू नका. बटण मिळालं नाही.

आया मुलांना घेऊन गेल्या. सगळ्या जणी जाताना हसत होत्या, याचं मला तेव्हा नवल वाटलं. मिरचीची आई तेवढी थांबली होती, कारण मिरची झोपली होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून मावशी बसल्या होत्या आणि मिरची त्यांच्या खांद्यावर घोरत होती. शर्ट नाही, थोपट्या नाहीत, मावशींचा तर एक हात चहाच्या कपावर होता.

"मावशी," नवा हादरून म्हणाला, "बटण मिळत नाहीये. डॉक्टरांकडे न्यायचं का सगळ्यांना?"

मावशींनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि खिशातून बटण काढून आमच्यापुढे धरलं.

"हिला बाहेर नेऊन बसवलं तेव्हाच मिळालं. हिच्या मुठीत होतं," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीत?" आम्ही दोघे एकदमच म्हणालो.

"सांगितलं की. मोठ्या बाईंना लगेच सांगितलं. आयांना फाटकातच सांगितलं, उगाच जिवाला घोर नको. तुम्हा दोघांनाच नाही सांगितलं." मावशींनी पाय आणखी ताणले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरुष आपणहून डायपर काढायला निघाले, आणि मग तर त्यासाठी भांडायलाच लागले. म्हटलं, आजचा दिवस जरा टेकावं."

म्हणजे ते कौतुकसुद्धा! मी मिरचीच्या आईकडे पाहिलं. ती पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

पण मला बटणाचं काही नव्हतं. माझं लक्ष त्या घोरणाऱ्या पोरीकडे होतं. "मावशी," मी विचारलं, "ही तुमच्याकडेही झोपते?"

"माझ्याकडेच झोपते," मावशी म्हणाल्या. "येरझाऱ्या घालून डोळे मिटायला लागले, की देते कुणाच्यातरी खांद्यावर. मला बाकीची मुलं असतात ना. आधी तुम्हाला देत होते. मग तुम्हीच म्हणालात, 'रोज हिला घेऊन माझा खांदा भरून येतो.' म्हणून यांना दिली."

म्हणालो होतो मी तसं. आयांसमोर, जरा कौतुक व्हावं म्हणून.

मी हात धुतले, पुन्हा एकदा साबण लावून धुतले आणि मावशींच्या शेजारी जाऊन बसलो.

"मावशी," मी हळूच म्हणालो, "खांदा आता अगदी बरा आहे हो माझा."

"बघू," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, तोच, वाकून ऐकावा लागणारा. "माझा तर कधी दुखतच नाही."

असा माणूस डोक्यात जाणार नाही तर काय होईल, तुम्हीच सांगा.